राखेतले रोडगे

संदर्भ तपासल्याशिवाय मी एक ओळही छापायला देत नाही, हे तुम्ही जाणताच. म्हणून ही फजिती ऐका. माझ्या किशोर कादंबरीत मारेगावची चौदा वर्षांची मुलगी पहिल्यांदाच पाहुण्यांसाठी रोडगे, म्हणजे कणकेचे जाड गोळे, भाजते. पुस्तक दुसऱ्या दिवशी छपाईला जायचे होते. खात्री असावी म्हणून ते प्रकरण मी शेजारच्या कांताकाकूंना वाचून दाखवले. गावच्या पंगतीचे रोडगे त्याच भाजतात.

त्यांनी मला मध्येच थांबवले. "गोवऱ्यांच्या निखाऱ्यातून काढले अन् थेट ताटात वाढले? राख कोन झटकनार?"

ते मी लिहिलेच नव्हते, आणि पुढची चार पाने पाहुणे त्याच रोडग्यांची स्तुती करत होते.

"काकू, आता सगळे प्रकरण नव्याने लिहावे लागेल."

"कायले? राहू दे राख. माह्या पहिल्या रोडग्यायलेही होती."

"मग घरचे काय म्हणाले?"

"सासरे म्हनले, सूनबाईनं आज जेवनासंगं दात घासाची राखुंडीभी वाढली."

मी चार पाने स्तुती खोडली, तेवढे वाक्य 'सूनबाईनं'च्या जागी 'नातीनं' करून मुलीच्या आजोबांच्या तोंडी घातले आणि पुस्तक ठरल्या वेळी छपाईला गेले.