डावीकडे जाणारी बंदूक

क्वीन्सलंडच्या त्या आडगावात बंदुका दुरुस्त करणारा एकच, गस. काडतुसं घ्यायला आलेली नोरीन रांगेत उभी होती. तिच्यापुढे म्हातारा विल्फ. त्याच्या बंदुकीच्या दस्त्याला कुंपणाची तार गुंडाळलेली.

"काय झालंय हिला?" गसनं बंदूक हातात घेत विचारलं.

"गोळी वीतभर डावीकडे जाते."

"लेका, ती पहिल्यापासूनच जातेय! तू उजवीकडे नेम धरतोस नि कोल्हे लोळवतोस."

"मला ठाऊक आहे रे. क्लॅरीला कुठं ठाऊक आहे?"

"तुझा शेजारी? त्याला कशाला देतोस?"

"उद्या येतोय. माझ्या निपचं मागचं अंग लुळं पडलंय."

"अरेरे! गुणी कुत्री."

"आपलं कुत्रं आपण मारायचं नसतं. त्याच्या कुत्र्याला गोळी घालायला मी गेलो होतो. त्यानं आपली बंदूक आता विकलीय, म्हणून ही द्यायची."

"मग सांग की त्याला, उजवीकडे धर म्हणून."

"ऐनवेळी विसरला तर? तिला दुसरी गोळी घालावी लागायला नको."

"बरं, शुक्रवारी ये... नाही, थांब. बाई, तुमचं काय?"

"माझं राहू दे हो. आधी त्यांचं करा."

"बस, विल्फ. निप घरीच ना?"

"बाहेर, गाडीत. बंदूक काढली की उडी मारून बसायची. आज उचलून ठेवावी लागली."