सासऱ्यांच्या दोन ओळी

...आणि वर म्हणतात, “मी म्हटलं नव्हतं?” आता तुम्हीच सांगा, यावर जावयाने बोलायचं काय? अहो, काठी माझी! तीन वर्षं नोकरी सांभाळून, सुट्टीच्या दिवशी गॅलरीत बसून घासघासून केलेली! हातातून सुटली की खालून तीन पाय उघडतात आणि पठ्ठी उभीच राहते... कुणासाठी केली? सासऱ्यांसाठीच! वाकता येत नाही ना त्यांना. पण पेटंटचा अर्ज लिहायला बसलो, तर हे मानेशी उभे... “जावईबापू, पाय मिटायचं बटण वर मुठीत हवं. मिटायला वाकायचंच असेल, तर उपयोग काय?” म्हटलं, बरं! पिच्छा सुटावा म्हणून शेवटच्या पानावर दोन ओळी खरडल्या आणि विसरून गेलो.

पुढे काय व्हावं? तुम्हाला सांगतो, दोन वर्षांनी एका बड्या कंपनीने बटणाच्याच काठीचा अर्ज टाकला! माझं धाबं दणाणलं. धावलो वकीलबाईंकडे. बाई आपल्या शांतपणे चष्मा पुसतायत... “घाबरू नका. बटणासाठी नवा अर्ज करा आणि तुमच्या जुन्या अर्जाची तारीख मागा, म्हणजे तुम्ही कंपनीच्या आधीचे ठरता.” म्हटलं, अशी मागून मिळते? “मिळते की! जुना अर्ज अजून निकालात निघालेला नाही, ते बरं झालं. नव्यात त्याचा नंबर घालू. फक्त हे बटण त्या जुन्या अर्जात लिहिलेलं हवं. आहे ना?”

आहे ना?... मला आठवेचना! घरी आलो, कपाट उपसलं, पानं उलटतोय, बायको म्हणतेय, “अहो, पाणी तरी प्या”... आणि शेवटच्या पानावर त्या दोन ओळी! खोटं कशाला बोलू, डोळे भरून आले. आणि खुर्चीतून आवाज... “मी म्हटलं नव्हतं?”

बरं, बाई म्हणाल्या, बटणाची कल्पना ज्याची, त्याचंही नाव शोधक म्हणून घालावंच लागेल. घातलं! तर हे म्हणतात, “वयाने मोठा मी, आधी माझं.” तेही केलं!

परवा मंजुरीचं पत्र आलं. जुनी तारीख मिळाली, कंपनी मागे पडली, काठी आमचीच राहिली. हे रोज बागेत मुद्दाम हात सोडून दाखवतात, आणि ती उभी राहिली की असे काही खुलतात... नाही हो, माझी तक्रार नाही! पण पेटंट वीस वर्षांचं, आणि तारीख जुनी घेतली म्हणून ती वीसही तिथूनच मोजायची. म्हणजे पेटंट एक दिवस संपणार. “मी म्हटलं नव्हतं?”... त्याला कुठल्याच कायद्यात मुदत नाही!