उथळ अंगठा

ताई : पुन्हा बंद पडलं?

धाकटा : पुन्हा. सत्त्याण्णव टक्क्यांपर्यंत गेलं आणि बसकण मारली. ग्राफिक्स मेमरी अपुरी म्हणे.

ताई : अरे, पण क्लाउडवरचं मशीन घेतलंयस ना? घरच्यापेक्षा दांडगं आहे म्हणून मिरवत होतास.

धाकटा : दांडगंच आहे. पण त्याच्या ग्राफिक्स कार्डात जागा अठ्ठेचाळीस जीबी, आणि आपल्या पाडलेल्या जुन्या घराचं नुसतं छप्परच मागतंय सत्तर. चित्र काढायचं तर सगळं एकदम त्यात बसावं लागतं.

ताई : मग त्याहून मोठं घे.

धाकटा : आज एकही मोकळं नाही. उद्या मिळेल.

ताई : उद्या मिळून काय उपयोग? तीनला बाबांना दवाखान्यात दाखल करायचंय. डॉक्टर स्पष्टच बोलले, ऑपरेशननंतर उजेड-अंधार कळला तरी नशीब. घर बघायचं ते आजच.

धाकटा : माहितेय गं.

ताई : एवढं काय आहे त्या छपरात? एक कौल घे आणि तेच लाव सगळीकडे. मी नाही का, एक कागद कापून वीस सदरे बेतत?

धाकटा : तसं केलं तर मावेल. कौल हजारदा दिसलं तरी जागा एकाचीच जाते. पण बाबांनी घडवलेलं प्रत्येक कौल वेगळं आहे, ताई. परसात उतरवून ठेवलेली तीनशे बारा कौलं एकेक करून स्कॅन केलीत मी. कोपऱ्यातला तो अंगठ्याचा ठसा बघ.

ताई : मग थोडं पुसट काढ.

धाकटा : तपशील कमी केला की आधी ठसेच जातात. ती उथळ ठशांची होती ना, नीट न दाबलेली, ती सकाळीच काढून टाकली. निम्मी होती जवळजवळ. तरी मावेना.

ताई : ती बिघडलेलीच. हात थकला असेल त्यांचा. आता एकच ठेव, चांगलं ठसठशीत. त्यांना कुठे एवढं दिसतंय?

धाकटा : जिवावर येतंय गं.

ताई : माझ्याही. दाब ते बटण.

(तासाभराने. बाबा स्क्रीनला नाक लागेल इतक्या जवळ बसले आहेत.)

बाबा : हं. ही मोरी. गळकी पन्हाळसुद्धा सोडली नाहीस की रे!

धाकटा : तुम्हीच सांगितली होतीत.

बाबा : छप्पर आण जवळ. अजून. हा माझा अंगठा.

ताई : ओळखलात?

बाबा : न ओळखायला काय झालं? साच्यातून काढेल त्याने ओल्या मातीत अंगठा दाबायचा. फुटलं तर कुणाचं ते कळायला हवं ना. पुढे सरकव. हाही माझा. हाही... अरे, सगळे माझेच. तुझी आई कुठाय?

धाकटा : आई?

बाबा : निम्मी कौलं तिची. आपल्या छपराची कौलं घडवली त्या वर्षी माझा खांदा निखळला होता. तिच्या हाताला जोर कुठला? तिचा ठसा उथळ उठायचा.

ताई : पण आई तर कौलांच्या कारखान्यात फक्त तुमचा डबा द्यायला जायची.

बाबा : डबा द्यायला तीन तास लागतात होय? मुकादमाला कळू नये म्हणून तुम्हालाही सांगितलं नाही. परसातल्या ढिगातलं एक आण बरं, उथळ बघून. हातात दे.

ताई : बाबा... तो ढीग मीच उचलायला लावला. स्कॅन झालं होतं, म्हटलं उगाच अडगळ.

बाबा : सगळा?

ताई : सगळा. रस्त्याच्या भरावात गेला. चुकलं माझं, बाबा.

बाबा : तुला काय माहीत, पोरी. आणि ह्या मशीनमध्ये?

धाकटा : आहेत. एकशे चाळीस. एकदम मावत नाहीत, म्हणून मीच काढली.

बाबा : एकदम कशाला? एक दाखव.

धाकटा : हे घ्या. एकट्याला वेळ लागत नाही.

बाबा : मोठं कर. आणखी. बास.

ताई : बाबा, गाडी आलीय खाली. आणि अंगठा काढा तो, काचेवर डाग पडतोय.

धाकटा : पडू दे, ताई.