मागची रांग

धुळ्याच्या बसस्टँडवर कमलअक्का शेजारच्या दोघा टाळकऱ्यांचं बोलणं कान देऊन ऐकत होत्या.

“भिवसननाना, उद्या कीर्तनात मला टाळ धरू द्या ना.”

“वना, तुळशीची माळ खुंटीला टांगून मटण खाल्लं तू! देवाला दिलेला शब्द मोडला.”

“तुमच्याच नातवाच्या जाऊळाला खाल्लं. तुम्ही पंगतीत शेजारीच होते.”

“हो, खाल्लं मीबी. पण माळ काढली नव्हती!”

अक्कांना राहवेना. “बाबांनो, शब्द तुम्ही मोडला, देवानं नाही. त्यानं तुमच्या नावांची माळ गळ्यात घातलीय. ती काढली का कधी?”

नाना खोकले.

“ये उद्या, वना. पण मागच्या रांगेत.”

“आणि तुम्ही, नाना?”

“माझीबी जागा धरून ठेव तिथंच.”