साडूचं व्याज

पांडुरंगा, बोलणारा तू, ऐकणाराही तूच. आम्ही मधले निरोपे. निरोप नीट पोचू दे, एवढं बघ.

मंडळी, आज एकच प्रश्न विचारतो. शेजाऱ्याकडे नवी गाडी आली. पेढा तुमच्या हातात आला. खरं सांगा — तो पेढा गोड लागतो का? अहो, माना काय डोलावताय! माना देवळात डोलतात, पोटात काय होतं ते विचारतोय मी! ज्याने आपलं काही घेतलं नाही, आपलं काही बिघडवलं नाही, त्याचं बरं झालं की आपल्याला का दुखावं? आणि ते दुखणं जपायला माणूस स्वतःचं किती वाटोळं करून घेतो? ऐका. उत्तर आख्यानात आहे.

मिरजेत एक श्रीरंग करंबेळकर. हायस्कूलच्या कोपऱ्यावर वह्या-पुस्तकांचं दुकान. सरळ माणूस, कुणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही. बायको अनघा, तीही तशीच. अनघाची धाकटी बहीण मेधा पुण्यात दिलेली, तिचा नवरा विद्याधर. म्हणजे श्रीरंग आणि विद्याधर हे कोण? साडू! बघा, नुसतं नातं सांगितलं आणि पुरुषमंडळी सावरून बसली! भावाशी वाटणीचं भांडण तरी करता येतं हो. साडूशी भांडायला काही कारणच नसतं, म्हणून ते आयुष्यभर पुरतं!

त्या वर्षी अधिक महिना आला. वाईला सासरे नाना आणि सासूबाई माई. दोन्ही जावयांना वाणाला बोलावलं. तेहेतीस-तेहेतीस अनारसे, वर दिवा, चांदीचं निरांजन, सगळं सारखं! माईंनी स्वतः मोजलं होतं, कारण माईंना जावई ठाऊक होते.

श्रीरंगाने माईंना दुकानातलं कॅलेंडर आणि पेनांचा डबा नेला. आणि धाकट्याने काय आणलं? मिक्सर! तीन भांड्यांचा! माई मिक्सरवरून हात फिरवतायत आणि कॅलेंडर बिचारं खुर्चीवर पालथं पडलंय. इथेच सुरुवात झाली बरं का.

पंगत बसली. थोरला जावई इकडे, धाकटा तिकडे, मध्ये नाना. नाना म्हणाले, "विद्याधरराव, एवढा खर्च कशाला केलात?"

विद्याधर हसला. "नाना, माझा पैसाच गेला नाही यात! घरातलं सगळं मी क्रेडिट कार्डावर घेतो. किराणा, विजेचं बिल, पोरीची फी. बँक महिना-दीड महिना बिनव्याजी थांबते. तोवर माझा पगार मी ठेवीत टाकून ठेवतो. तारीख आली की कार्ड चुकतं करायचं. पैसा बँकेचा, व्याज माझं! वर्षभराच्या व्याजातून हा मिक्सर."

"वा!" नानांनी मांडीवर थाप मारली. "याला म्हणतात डोकं! अहो, आम्ही जन्मभर बँकेला व्याज दिलं, आणि हा पठ्ठ्या बँकेकडून घेतोय!" आणि आनंदाच्या भरात नानांनी परातीतले दोन अनारसे उचलले आणि विद्याधरच्या पानात वाढले.

दोन! श्रीरंगाने पाहिलं. थोरला जावई मी. पहिला मान माझा. आणि जादा अनारसे त्याला? वीस वर्षं मी या घरी येतोय, नानांच्या आजारपणात धावलो, या घराला रंग लावताना उभा राहिलो, तेव्हा नाही कुणी मांडीवर थाप मारली! घास तोंडात फिरायला लागला. विद्याधर पुढे बोलतच होता, पण याच्याच्याने ऐकवेना. पंगत अर्धी असताना उठला. हो! अधिकातलं पान, आणि जावई मधूनच उठला! माई घाबऱ्या झाल्या, "अहो, पुरण राहिलंय!" तर म्हणतो, "पोट भरलं." भरलं होतं खरंच. पण अन्नाने नव्हे!

तो मागच्या अंगणात हात धूत होता, आणि इकडे विद्याधर नानांना काय सांगत होता? ऐका, तुम्ही तरी ऐका! "पण नाना, कार्डावर रोख रक्कम कधीही काढायची नाही हं. वस्तू घेतली तर बिनव्याजी. रोख काढली, की त्याच दिवसापासून व्याज सुरू! आणि तेही सावकार लाजेल असं."

तुम्ही ऐकलंत. पेटीवाल्यांनी ऐकलं. श्रीरंगाने ऐकलं नाही!

मिरजेला आला तो पेटलेलाच. बँकेची एक मुलगी रोज फोन करायची, "सर, कार्ड घ्या." रोज हा तिच्यावर खेकसायचा. त्या दिवशी म्हणाला, "दोन द्या!" ती बिचारी गोंधळली, तिला असं ऐकायची सवय नव्हती. कार्डं आली. श्रीरंगाने विचार केला, धाकटा किराणा घेतो, फी भरतो, हे असलं चिल्लर काम कोण करत बसणार? आपण थोरले! गेला एटीएममध्ये आणि दोन्ही कार्डांवर मिळेल तेवढी रोख काढली. तडक पतसंस्थेत जाऊन वर्षाची ठेव केली, शेकडा आठ. आणि बाहेर येऊन पहिला फोन कुणाला? नानांना! "नाना, म्हटलं कळवावं. मीही सुरू केलं. धाकट्यापेक्षा जरा मोठ्या प्रमाणावर."

"शाबास!" नाना म्हणाले. मंडळी, त्या एका शाबासकीवर हा माणूस महिनाभर तरंगत होता.

मग बिल आलं. महिन्याला शेकडा साडेतीन! वर रोख काढल्याचा आकार वेगळा. अहो, वर्षाला आठ मिळवायला महिन्याला साडेतीन द्यायचे! आपण शाळेत नापास झालो असू, पण एवढं गणित कळतं की नाही?

अनघाला कळलं. ती म्हणाली, "मोडा ती ठेव आणि टाका भरून."

"मोडू? आणि नाना विचारतील तेव्हा काय सांगू?"

"मग विद्याधररावांना फोन करा. ते काहीतरी वाट सांगतील."

"त्याला? त्याला विचारू? उपाशी मरेन, पण त्याला विचारणार नाही!"

हे बघा. ठेव याच्या हातात, मोडणं याच्या हातात. कुणी बांधून ठेवलं होतं का? नाही! पण ठेव मोडली तर साडू जिंकला. म्हणून हा दर महिन्याला थोडंथोडं भरतोय, उरलेलं फुगतंय. गल्ल्यातलं जे येईल ते कार्डात जातंय. कागदवाल्या व्यापाऱ्याची उधारी थकली. जून तोंडावर आला, शाळा उघडणार, आणि वह्यांच्या दुकानात वह्याच नाहीत! आईबाप पोरांना घेऊन येतात, रिकाम्या फळ्या बघून समोरच्या दुकानात जातात. वडिलांनी उभं केलेलं दुकान डोळ्यांदेखत बसायला आलं. जेवण जाईना, पोरं दचकावीत असं घरात ओरडायला लागला.

एक दिवस दुपारी जेवायला बसला होता, तेवढ्यात मेधाचा फोन. अनघा ऐकता ऐकता पांढरी पडली. फोन ठेवून म्हणाली, "विद्याधररावांना डेंग्यू झालाय. आठवडा झाला, दवाखान्यात आहेत. काल तर बेशुद्धच होते. आणि त्या गडबडीत कार्डाची तारीख चुकली हो. ती तारीख एकट्या त्यांनाच ठाऊक असायची. दंड, व्याज, सगळं लागलं. वर्षभराचं मिळवलेलं गेलं."

श्रीरंग म्हणाला, "अरेरे."

आणि मग म्हणाला, "भात वाढ गं थोडा."

अनघाने वाढला. त्याने आमटी ओतली, कालवला, चवीने खाल्ला. "अजून वाढ," म्हणाला. "आज आमटी झकास झालीय."

अनघाचा हात थांबला. तिने नवऱ्याकडे पाहिलं. "वर्षभर तुमच्या घशाखाली घास उतरत नव्हता," ती म्हणाली. "माझ्या बहिणीचा नवरा सलाईनवर आहे, आणि आज तुम्हाला भूक लागली?"

बोटं आमटीत तशीच राहिली. बायको ओरडली असती तर परवडलं असतं. ती रडत स्वयंपाकघरात गेली.

मंडळी, वर्षभर श्रीरंग म्हणत होता, विद्याधर गर्विष्ठ आहे, दिखाऊ आहे. त्या पानावर त्याला समजलं की विद्याधरने काहीच केलं नव्हतं. दुखत होतं ते याचं याने पाळलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने पुण्याला गेला. दवाखान्यात विद्याधर पडलेला, गालफडं बसलेली, हाताला सुई. डोळे उघडून म्हणाला, "श्रीरंगराव! तुम्ही? दुकान टाकून आलात?"

वाटेत श्रीरंगाने चार चांगली वाक्यं जुळवली होती. एकही आठवेना. म्हणाला, "विद्याधरराव, तुमचं नुकसान झालं ऐकलं, आणि मला बरं वाटलं. मी भात मागून घेतला."

"कसला भात?" विद्याधरला काही कळेना.

मग सगळं सांगितलं. मिक्सर, पंगत, एटीएम, ठेव, रिकाम्या फळ्या. विद्याधर गादीवर उठूनच बसला. "रोख काढलीत? अहो, मला एक फोन करायचा होतात! मोडा ती ठेव आधी, आजच्या आज! उरलेलं कमी पडेल ते मी—"

"तुम्ही आधी बरे व्हा."

"बरं, नानांना मी समजावतो."

"नको," श्रीरंग म्हणाला. "ते मीच सांगतो."

आणि व्हरांड्यात जाऊन त्याने नानांना फोन केला. ज्या तोंडाने फुशारकी मारली, त्याच तोंडाने सांगितलं, की नाना, मी फसलो, आणि कुणी फसवलं नाही, माझा मीच फसलो. ठेव मोडली, कार्डं फिटत आली, उरलेली भर साडूने घातली. आणि याने ती घेतली! मंडळी, देणं सोपं असतं हो. ज्याच्यावर जळलो त्याच्या हातून घेणं, याला छाती लागते. जुलैत का होईना, दुकानात वह्या आल्या.

आता तुम्ही म्हणाल, झालं, श्रीरंग संत झाला! छे! दिवाळीत विद्याधरने चारचाकी घेतली. फोटो आला. याच्या पोटात दुखलंच! पण त्याने लगेच फोन लावला, "विद्याधरराव, अभिनंदन! रंग छान निवडलात." फोन ठेवला आणि अनघाला म्हणाला, "दुखलं गं."

ती म्हणाली, "दुखू दे. बोललात ना?"

ऐकलंत? दुखणारच. आपण माणसं आहोत. पण दुखलं म्हणून पानावरून उठायचं, की दुखत असताना फोन लावायचा, एवढंच आपल्या हातात आहे.

आणि आता तुमच्याकडे येतो. मी तासभर श्रीरंगाचं नाव घेतलं. पण तुमच्या मनात दुसरंच एक नाव येऊन बसलंय, मला माहीत आहे! कुणाची जाऊ, कुणाचा वर्गमित्र, कुणाचा सख्खा भाऊ. शेजारी बघू नका, तो शेजारी असेल तर पंचाईत होईल! ते नाव मनात धरा. आज स्वतःसाठी काही मागायचं नाही. त्या माणसाचं भलं व्हावं म्हणून विठ्ठलाला एक हाक मारायची. मोठ्याने!

विठ्ठल! विठ्ठल!

काय हो, तिसऱ्या रांगेतले काका? तुमचे ओठ का मिटलेत? म्हणजे नाव अगदी बरोबर सापडलंय तुम्हाला. तबला थांबवा. आपण सगळे थांबू या. काकांचा आवाज निघेपर्यंत आरती लावायची नाही.