दोन हिरे आणि एक बशी

आजच्या सोहळ्याचे अध्यक्ष, आपल्या गावचे सरपंच माननीय सुनिलशेठ भोईर. माझ्या उजव्या हाताला बसलेले, हिरा खरेदी समितीचे ज्येष्ठ सदस्य कुंडलिकबाबा. दुकान बंद ठेवून मुरबाडहून आलेले सोनारकाका. आजच्या सत्कारमूर्ती श्रीमती धोंडूबाई विशे. आणि समाजमंदिरात पंख्याखालची जागा धरून बसलेल्या माझ्या बंधुभगिनींनो,

सुरुवातीलाच एक गंभीर बाब सभेच्या नजरेस आणून देणं मी माझं कर्तव्य समजतो. मघाशी व्यासपीठावर चहा आला, आणि तो कागदी कपात आला. कागदी कपातला चहा प्यायचा कसा, हे मला आजवर कुणी सांगितलेलं नाही. हातात धरावा तर बोटं भाजतात, खाली ठेवावा तर कप वाऱ्याने कलंडतो, आणि ओतून घ्यायला बशी नाही. ग्रामपंचायतीला वॉटर कूलर आला, सोलरचे दिवे आले, पण एक साधी बशी मिळू नये? अध्यक्षमहाराज, माझा निषेध नोंदवून घ्या. बशीचा विषय मी शेवटी पुन्हा काढणार आहे.

आता सत्काराकडे वळतो. बाहेरून आलेल्या पाहुण्यांसाठी थोडं सांगावं लागेल. आमच्या गावदेवीचे दागिने विशे यांच्या घरी ठेवण्याची रीत आहे. नवरात्रात ते देवळात न्यायचे, दसरा झाला की परत पेटीत. धोंडूबाईंच्या सासूबाईंनी हे केलं, नंतर धोंडूबाईंनी. रिठ्याच्या पाण्यात दागिने धुवायचे, सावलीत वाळवायचे, मऊ फडक्यात बांधायचे. यासाठी त्यांना काय मिळायचं? एक नारळ. तोही बरेचदा नासका निघायचा.

मागच्या वर्षी दसऱ्यानंतर धोंडूबाई दागिने धुवायला बसल्या आणि देवीच्या नथीतला हिरा नव्हता. कोंदण रिकामं. त्या तशाच ओल्या हातांनी, नथ घेऊन देवळात आल्या आणि चारचौघांत सांगितलं. गावात गुपचूप बसायची सोय असते, हे त्यांना ठाऊक नसावं. त्यांनी सांगितलं आणि गावाने लगेच ठरवलं की पेटी जिच्या घरात, हिरा तिने घेतला. कुणी तोंडावर बोललं का? छे! आपण सभ्य माणसं आहोत. आपण फक्त संक्रांतीला त्यांच्या घरी तिळगूळ घ्यायला गेलो नाही. आपण फक्त पेटी काढून घेऊन ग्रामपंचायतीच्या कपाटात ठेवली, सुरक्षेसाठी. त्या कपाटाचं कुलूप हेअरपिनने उघडतं, हे इथे बसलेल्या सर्वांना माहीत आहे.

मग समिती स्थापन झाली. अध्यक्ष सुनिलशेठ, सदस्य कुंडलिकबाबा, सचिव मी. का, तर मी शाळामास्तर, माझं अक्षर बरं आहे. आणि तांत्रिक सल्लागार विपुल, जो वाशिंदला गोदामात कामाला आहे आणि ज्याच्या फोनवर जुन्या दागिन्यांचे ऑनलाइन लिलाव दिसतात. देवीचा हिरा जुन्या घडणीचा, हाताने पैलू पाडलेला होता. तसा आता बाजारात मिळत नाही, पण लिलावात मिळतो. कुठल्या कुठल्या घरांतले, कधीचे कधीचे हिरे, फोटो काढून विकायला ठेवलेले असतात. खाली बारीक अक्षरात त्यातले दोष लिहिलेले असतात. विकणारा स्वतः सांगतो की आत ठिपका आहे, कड उडालेली आहे, घेतल्यावर परत घेणार नाही. इतका सरळ माणूस मी आपल्या तालुक्यात पाहिला नाही.

पण आपल्याला लिहिलेलं वाचायची सवय कुठे आहे? आपण पारखी लोक. म्हसा गावच्या यात्रेत बैलाचे दात बघून खोड ओळखणारे. कुंडलिकबाबांनी पहिला हिरा फोनवर मोठा करून बघितला आणि म्हणाले, तडा गेलाय, नको. दुसऱ्यालाही तडा. तिसऱ्यालाही तडा, त्याच जागी. सुनिलशेठ म्हणाले, हे सगळे लबाड एकाच टोळीतले दिसतात. मग विपुलने चुकून गॅलरी उघडली आणि सुनिलशेठांच्या वाढदिवसाच्या फोटोत, त्यांच्या कपाळावरही तोच तडा दिसला. फोनची काच फुटली होती. दोन महिने आम्ही विपुलच्या काचेची पारख करत होतो, आणि सचिव म्हणून त्याचा अहवाल मी सुवाच्य अक्षरात लिहिला आहे.

असो. रेंज येते म्हणून सगळी समिती पाण्याच्या टाकीवर चढली आणि एक हिरा घेतला. पार्सल आलं. उघडायचं कशावर? हिरा बघायला खाली पांढरं शुभ्र काहीतरी हवं, असं सोनारकाकांनी फोनवर सांगितलं होतं. गावात स्टीलच्या ताटल्या, प्लास्टिकच्या ताटल्या, कागदी द्रोण. पांढरी चिनी मातीची बशी एकाच घरात निघाली. विशे यांच्या. सुनिलशेठांनी माणूस पाठवून ती मागवली. जिच्यावर चोरीचा आळ घेतला, तिचीच बशी, तिने न चोरलेल्या हिऱ्याच्या जागी आणलेला हिरा बघायला! धोंडूबाईंनी पुसून दिली.

त्या बशीत हिरा ठेवला आणि आत ठिपका दिसला. जाहिरातीत लिहिला होता तोच. तरी समितीला धक्का बसला. कुंडलिकबाबा म्हणाले, "देवीला अक्षता वाहताना आपण तुटका दाणा बाजूला काढतो. मंग हा डागी हिरा तिच्या नाकात कसा चालंल? आपला हिरा कसा होता, पाण्यावानी." सर्वांनी माना डोलावल्या. पाण्यासारखा होता. प्रत्येकाने पाहिला होता. हिरा कपाटात गेला, देवीचं नाक रिकामंच राहिलं, आणि धोंडूबाईंच्या माथ्यावर आणखी एक गोष्ट आली, की त्यांनी काय पाण्यासारखा हिरा घालवला.

या श्रावणात देवीच्या अंगावरचं शेंदराचं कवच सुटलं. ते काढताना नाकापाशी, थरात, हिरा निघाला. नवरात्रात ओला शेंदूर लावताना कुणाच्या तरी अंगठ्याने तो कोंदणातून निसटून आत दाबला गेला होता. आता शेंदूर लावायचा मान कोणत्या घराण्याचा, हे मी सांगणार नाही. अध्यक्षमहाराजांनी अस्वस्थ होऊ नये. पाणी घ्या.

खरं तर इथे विषय संपायला हवा होता. पण समिती होती ना! दोन्ही हिरे शेजारी ठेवून फरक गावाला दाखवायचा ठरला. पुन्हा तीच बशी. सुनिलशेठांनी ती दोन्ही हातांनी उचलली, मागच्यांनाही दिसावं म्हणून कलती केली, आणि दोन्ही हिरे घरंगळत एकमेकांना जाऊन भिडले. झालं. देवीचा कुठला आणि लिलावातला कुठला?

त्या दिवशी धोंडूबाईंना पहिल्यांदा मान देऊन बोलावलं. बसायला खुर्ची दिली. सुनिलशेठ म्हणाले, "काकी, तुमी इतकी वर्षं धुतलाय, तुमीच सांगा."

धोंडूबाई बसल्या नाहीत. बशीकडे त्यांनी बघितलंही नाही. म्हणाल्या, "वरीसभर तुमीच सांगत होता हिरा कसा होता ते. मना कोनी इचारला नाय. आता तुमीच ओळखा." आणि निघून गेल्या. त्यांना ओळखता आला असता की नाही, ते मला माहीत नाही. मी विचारलेलं नाही, आणि इथे कुणी विचारू नये.

मग मतदान झालं. हो पाहुणेहो, हात वर करून. एकात बारीक ठिपका होता, दुसऱ्यात कावळ्याच्या पायासारखी काळी रेघ. त्या रेघेपुढे जाहिरातीतला ठिपका कुणालाच आठवला नाही, सचिवालाही नाही. सगळ्या गावाने एकमताने ठिपकेवाला देवीचा ठरवला आणि रेघवाल्याला लिलावातला म्हणून नावं ठेवली. सोनारकाकांनी गावाने निवडलेला हिरा कोंदणात ठेवला. तो आत खुळखुळायला लागला. त्यांनी दुसरा, काळ्या रेघेचा, ठेवला. टक्कन बसला.

कुंडलिकबाबांनी चष्मा काढून पुसला. सुनिलशेठ म्हणाले, कोंदणंसुद्धा काळाप्रमाणे झिजतात. पिढ्यान्‌पिढ्या आपण त्या नथीपुढे हात जोडले आणि त्यातला हिरा कसा आहे, हे एकानेही बघितलं नव्हतं. उरलेला हिरा विपुल आता परत लिलावात ठेवतोय. जाहिरातीत 'पाण्यासारखा' लिहा, असा समितीचा आग्रह होता. मी ठिपका लिहिला आहे.

तर मंडळी, म्हणून हा सत्कार. शाल झाली, श्रीफळ झालं (हलवून बघितलंय, चांगलं आहे), सन्मानचिन्ह झालं. आता अध्यक्षांनी माझ्यावर सोपवलेलं काम. धोंडूबाईंनी पेटी पुन्हा सांभाळावी अशी गावाची विनंती आहे, ती भाषणाच्या ओघात करावी, असं त्यांनी मला सुचवलं. मी कालच त्यांच्या घरी जाऊन करून आलो. ओघाची वाट बघितली नाही. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "पेटी नको, मास्तर. शेजारच्या भाग्यश्रीकडे द्या, पोर नीट सांभाळंल. माझी बशी तेवढी परत करा."

गावाने एवढा सोहळा मांडला, आणि बाईंना बशी हवी आहे.

अध्यक्षमहाराज, आपण मला बोलण्याची संधी दिलीत, समोरच्यांनी वड्यांचा वास येत असतानाही ऐकून घेतलंत, दोघांचे आभार. भाषण संपवताना चुकलंमाकलं पोटात घाला असं म्हणायची आपल्याकडे पद्धत आहे. वर्षभरात या गावातल्या कुणालाही धोंडूबाईंपुढे उभं राहून ते म्हणता आलं नाही. शाल आणता आली, नारळ आणता आला, हे चार शब्द आणता आले नाहीत. आज पद्धतच आहे, तर मी म्हणून घेतो. धोंडूबाई, आमचं चुकलं. अध्यक्षांसकट सगळ्यांचं. पोटात घाला, किंवा घालू नका. तुमची मर्जी.

आता माइक बंद केला तरी चालेल. पुढचं सभेसाठी नाही.

धोंडूबाई, ही घ्या. समितीची मालमत्ता म्हणून इतके महिने आमच्या दुधाच्या पातेल्यावर होती. काल रात्री चिंचेने घासली आहे. कडेचा टवका आधीचाच आहे, तरी बघून घ्या. आणि तो कप इकडे द्या, चहा मी ओततो. गरम आहे.