मगनच्या पुस्तकाची शेवटची सोळा पाने

पुरवणी जबाब
दि. १७/११/२०२४, वेळ सायंकाळी ५.४०

नाव तोताराम पुंडलिक झांबरे, वय ७२ वर्षे, धंदा काही नाही (पूर्वी भाड्याने पुस्तके देण्याचे वाचनालय), राहणार मेहरूण, जळगाव.

मी स्वतः पोलीस ठाण्यात येऊन, कोणाच्या सांगण्यावरून नव्हे, सांगतो ते असे की, आज दुपारी सव्वा वाजता मी याच ठाण्यात सोळा पानांच्या चोरीची तक्रार दिली आहे. तक्रार घेताना हवालदार नूतन मॅडम यांना हसू आले होते. मी हसलो नव्हतो. त्या तक्रारीत जे सांगायचे राहिले ते आता सांगतो.

सन १९७४ ते १९९९ मी जळगावात वाचनालय चालवले. रहस्यकथांना फार मागणी असे आणि लोक ती पुस्तके परत आणत नसत. म्हणून मी प्रत्येक रहस्यकथेचा शेवटचा फर्मा, म्हणजे सोळा पाने, सोडवून बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात नंबराने ठेवू लागलो. पुस्तक परत आणायचे आणि शेवट माझ्या टेबलापाशी उभ्याने वाचायचा, असा नियम होता. लोक शिव्या देत, पण पुस्तक आणून देत. पंचवीस वर्षांत माझी फक्त चार पुस्तके बुडाली.

त्यांतले एक ‘कुलूप तसेच होते’. ते लिहिणारा मगन हा माझा मित्र. मूळचा फागणे, तालुका धुळे, इथला. जळगावात डाळ मिलमध्ये कारकून होता आणि खोट्या नावाने लिहीत असे. त्याच्या पुस्तकांचा नायक नाम्या करवत हा चोर. अकरा पुस्तकांत नाम्याने आंधळ्या पुजाऱ्याची दक्षिणा पळवली, साथीदाराला पकडून दिले आणि एकदाही खरे बोलला नाही. वाचक त्याच्या नावाने बोटे मोडत आणि पुढचे पुस्तक कधी येणार म्हणून विचारत.

‘कुलूप तसेच होते’ हे १९८७ चे, बारावे. त्यात नाम्या धाकट्या भावाची कोऱ्या कागदावर सही घेऊन विहिरीचा मळा बळकावतो. मगनने हे मनाने रचलेले नाही. त्याने आपला धाकटा भाऊ चुडामण याच्याशी तसेच केले होते. चुडामण त्या हंगामात जळगावात कापसाच्या जिनिंगवर कामाला होता. त्याने ते पुस्तक माझ्याकडूनच नेले. वाचले आणि पुस्तकासकट फागण्याला निघून गेला. भावाने आपल्याला लुबाडले आणि वर छापून मिरवले, असे त्याचे म्हणणे होते. शेवट त्याने वाचलेला नव्हता.

मगनने स्वतःची प्रत टपालाने दोनदा पाठवली. दोन्ही वेळा न फोडता परत आली. १९८८ मध्ये तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, “तुझ्या हातानं ती सोळा पानं त्याला दे. तुझं तो घेईल.” मी म्हणालो, आधी पुस्तक येऊ दे. तो म्हणाला, “तू माझ्या नाम्यापेक्षा हलकट आहेस.” मग हसला, चहा प्यायला आणि गेला. पुन्हा त्याने विषय काढला नाही. २००९ मध्ये तो वारला. चुडामण खांदा द्यायला आला नाही.

मागच्या वर्षी हितेंद्र नावाच्या, पाइप कारखान्यात नोकरीला असलेल्या तरुणाला नाम्याची पुस्तके, वाचनालय बंद करताना मी विकलेली, धुळ्याच्या रद्दीत सापडली. आतला शिक्का पाहून, शेवट शोधत तो माझ्याकडे आला. तेव्हापासून दर रविवारी माझ्या ओट्यावर पंधरा-वीस मुले-मुली पुस्तके वाचायला जमतात. हल्लीच्या पोरांना नाम्या आवडतो, कारण तो चांगुलपणाचा आव आणत नाही, असे हितेंद्र म्हणतो. माझे मत त्याने विचारलेले नाही.

आज सकाळी अकराच्या सुमारास एक म्हातारा त्यांच्यात येऊन बसला. मी ओळखले नाही. त्याने एका पोराला ‘कुलूप’चा फर्मा डब्यातून काढून दाखवायला लावले. म्हातारा गेल्यावर तो फर्मा डब्यात नव्हता. मी रागाने तक्रार द्यायला आलो. येणाऱ्यांचे नाव-पत्ते हितेंद्र वहीत लिहून घेतो, त्यावरून पोलिसांनी चुडामणला बसस्टँडवरून आणले. मी मधल्या वेळात घरी गेलो होतो. तो बसला होता त्या खुर्चीवर कापडी पिशवी होती आणि तिच्यात माझे पुस्तक होते. पुस्तक परत आले होते. म्हणजे शेवट वाचायचा त्याला हक्क होता. ही चोरी नव्हे.

ठाण्यात नूतन मॅडमनी त्याला विचारले, आबा, पाने का घेतली? तो म्हणाला, “त्यानी मन्हाबद्दल आखो काय वंगाळ लिखेल शे, ते पाहाले लागे ना.” (आखो म्हणजे आणखी.) बसस्टँडवर तो दोन तास पाने घेऊन बसला होता. मोतीबिंदूमुळे त्याला एक अक्षर वाचता आले नव्हते. तेव्हा मॅडमनी ती मोठ्याने वाचली. त्यात नाम्या कोर्टात उभा असतो. धाकटा भाऊ त्याच्याविरुद्ध साक्ष देतो. वकील नाम्याला म्हणतो, नाकारून टाक, कागद आपल्या बाजूने आहेत. नाम्या न्यायाधीशांना सांगतो, “धाकटा सांगतो ते खरं आहे, साहेब. मळा मी लाटला.”

चुडामणने ते वाक्य तीनदा वाचायला लावले. मग मला विचारले, “हाई तुले म्हाईत व्हतं?” मी हो म्हणालो. मला नियमापुढे काही दिसले नाही. याचे मला फार वाईट वाटते आणि हे वाक्य जबाबात घ्यावे, असा मी आग्रह धरला.

तो म्हणाला, “त्यानंतर बावीस वरीस तो जित्ता व्हता, तोताराम.”

माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही. पाने चुडामणकडेच राहू द्यावीत.

हा जबाब नूतन मॅडमनी मला सावकाश वाचून दाखवला. मी बोललो तसाच उतरला आहे. वाचताना चुडामण समोरच्या बाकावर बसून ऐकत होता. काही खोडायचे आहे का, असे मला विचारले. नाही.